काकांच्या १४ सिटिंग उरल्या होत्या

नागपूरच्या मानेवाडा रोडवरचे एक काका होते, कंबर धरली म्हणून आले होते. मी फिजिओथेरपिस्ट, तेव्हा नवीन होते, स्वतःचं क्लिनिक नव्हतं, दुसऱ्याकडे पगारावर काम करायची. काउंटरवर त्यांना २० सिटिंगचं पॅकेज घ्यायला लावलं होतं, पैसे सगळे आधी, एक गुलाबी कार्ड दिलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यावर शिक्का. सहाव्या सिटिंगला काका टणटणीत. गाडी स्वतः स्टँडवर लावली, जिना चढून आले, मला म्हणे आज तुकडोजी पुतळ्यापर्यंत पायी जाऊन आलो. मी म्हटलं काका मग आता कशाला येता, घरी व्यायाम करत राहा, बस झालं. तर काका म्हणाले, "बरं तर वाटते वो मॅडम, पण १४ उरल्या आहेत न." आणि शर्ट काढून पालथे झोपले.

ताटात टाकायचं नाही म्हणून पोट भरल्यावरही आपण दोन घास जास्तीचे खातो न, तसे ते काका मे महिन्याच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून सिटिंग संपवायला येत होते. आणि मी काय केलं, तर मशीन लावली आणि बाजूच्या पेशंटकडे गेले. १४ वेळा.

हा लेख त्या १४ वेळांबद्दल आहे असं समजा. बिझनेस एथिक्स म्हटलं की आपल्याला मोठ्या कंपन्या, घोटाळे वगैरे आठवतात, पण मालिश करणारे, फिजिओ, पंचकर्मवाले, ॲक्युप्रेशरवाले, स्पामधले थेरपिस्ट, आपल्या सगळ्यांचा धंदा हाताचा आहे आणि त्यात एक गोष्ट बाकी धंद्यांपेक्षा वेगळी आहे. इतवारीत तुम्ही किलोभर तूर डाळ घेतली तर काटा तुमच्या डोळ्यासमोर असतो, डाळ चिमटीत घेऊन बघता येते, नाही पटली तर बाजूचं दुकान. आपल्याकडे माणूस दुखत असताना येतो, अर्धे कपडे काढतो, टेबलच्या भोकात तोंड घालून पालथा पडतो, त्याला दिसते फक्त फरशी. पाठीवर जे चाललंय ते गरजेचं आहे का, किती दिवस गरजेचं आहे, हे त्याला कळायचा मार्गच नाही, काटा पूर्ण आपल्या हातात. म्हणून मग जिथे जिथे आपला खिसा एकीकडे ओढतो आणि समोरच्याचं शरीर दुसरीकडे, ती जागा आधीच ओळखून ठेवावी लागते. ऐन वेळी विचार करू म्हटलं तर ऐन वेळी खिसाच जिंकतो, माझा तरी अनुभव हाच.

पॅकेजचंच घ्या. मी पॅकेजच्या विरोधात नाही, आता स्वतःचं भाडं भरते तेव्हा कळते. गुडघा बदलल्यावर, लकवा मारल्यावर, किंवा खांदा जाम झाला असेल तर उपचार खरंच महिनोन्‌महिने चालतात आणि आपल्याकडे लोकांची सवय अशी की दोन सिटिंगमध्ये दुखणं जरा कमी झालं की गायब, मग चार महिन्यांनी त्याहून वाईट अवस्थेत परत. तर आधी पैसे घेतले की माणूस येतो, यात तथ्य आहे. घोळ कुठे होतो तर आकडा काउंटरवर ठरतो तिथे. पेशंटला अजून कोणी हात लावून बघितलंही नाही आणि रिसेप्शनिस्ट सांगून राहिली की २० वाल्यावर डिस्काउंट आहे. २० कशावरून? कारण कार्डावर २० चौकोन छापलेत.

मी आता काय करते ते सांगते, हाच एक मार्ग आहे असं नाही. पहिल्या दिवशी तपासते आणि एक मोजता येईल अशी गोष्ट लिहून ठेवते, हात कुठपर्यंत वर जातो, मांडी घालून बसता येते का, खाली वाकल्यावर बोटं गुडघ्यापर्यंत पोचतात की पुढे. मग तीन-चार सिटिंगनंतर तेच पुन्हा मोजायचं, पेशंटच्या समोर. फरक असेल तर पुढे, आणि काहीच फरक नसेल तर माझं काहीतरी चुकतंय किंवा दुखणं वेगळंच आहे, तेव्हा डॉक्टरकडे पाठवायचं. आणि पैसे आधी घेतलेच तर पावतीवर स्पष्ट लिहिते की उरलेल्या सिटिंगचे पैसे परत मिळतील, आणि परत देताना डिस्काउंटवाला दर धरायचा की साधा तेही तिथेच लिहिते, नाहीतर शेवटी त्यावरच भांडण होते. 'पैसे परत मिळणार नाहीत' असं छापून ठेवलं की आपण सुटलो असं बऱ्याच जणांना वाटते. तसं काही नाही बापा, पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येते, डॉक्टरांची सेवासुद्धा त्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलं, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात फीसुद्धा लागत नाही. लोक जात नाहीत ही वेगळी गोष्ट.

मशीनचं पण बोलून घेऊ कारण हे आतल्या लोकांनाच माहीत असते. आयएफटी, टेन्स (दुखण्यावर हलका करंट देणाऱ्या मशीन), शेक, या सगळ्याची जागा आहे, पण मशीन लावली की पेशंट पडून राहतो आणि थेरपिस्ट मोकळा, एकाच वेळी चार बेड चालतात. पेशंटला पण वायरी, लाइट, टुकटुक आवाज बघून वाटते काहीतरी जबरदस्त होऊन राहिलं. तपासायला आणि हाताने काम करायला २५ मिनिटं लागतात आणि त्यात एकच पेशंट होतो. हिशोब करा, का लोक मशीनकडे वळतात ते समजेल.

पुढचा मुद्दा, आपण कोण आहोत. बोर्डावर काय लिहितो. माझ्या वेळी फिजिओची डिग्री, बीपीटी, साडेचार वर्षांची होती इंटर्नशिप धरून, आयुर्वेदाचं बीएएमएस साडेपाच वर्षांचं, आणि मसाज थेरपीचा कोर्स काही आठवड्यांचाही मिळतो. तीनही काम इज्जतीचं आहे, पण तीनही एक नाही. फिजिओसाठी महाराष्ट्रात कौन्सिल आहे, शिवाय २०२१ चा केंद्राचा कायदा आला, ज्यात फिजिओथेरपी वगैरे व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग झाला. नुसत्या मसाजच्या सर्टिफिकेटवर मात्र 'स्लिप डिस्क स्पेशालिस्ट' लिहिता येत नाही, म्हणजे लिहिणारे लिहितात. आम्ही फिजिओही काही साधे नाही. नावापुढे डॉ. लावायचं की नाही यावर एवढा गदारोळ झाला की सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने लावू नका असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. माझं मत विचाराल तर समोर बसलेल्या आजीला मी एमबीबीएस वाटत असेल तर ते दुरुस्त करायचं काम माझं, बोर्डावर काहीही असो. एक वाक्य लागते, "आजी, मी फिजिओ आहे, गोळ्या-औषध मी देत नाही."

आपली हद्द कुठे संपते हे मला कोणी शिकवलं असेल तर एका मालिशवाल्या बाईने. नंदनवनला माझ्या चुलत बहिणीची डिलिव्हरी झाली, सिझर. घरी मालिशवाली मावशी ठरवली, बाळ-बाळंतीण दोघांची मालिश, सव्वा महिना, रोजचे पैसे ठरलेले. मावशी आल्या, तेल कोमट केलं, बाळाची मालिश केली, आणि बहिणीच्या पायाला हात लावला आणि थांबल्या. एकच पोटरी सुजलेली, गरम, दाबलं की दुखे. म्हणाल्या, "बाई, हा पाय मले बरा वाटून नाही राहिला, मी तेल नाही लावत, आधी डॉक्टरले दाखवा." सासूबाई म्हणाल्या अहो चोळल्यावरच तर उतरेल. मावशी ऐकल्याच नाहीत. डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी केली तर पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी. बाळंतपणानंतर ही शक्यता वाढलेली असते आणि अशी पोटरी रगडली तर गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते, जीव जाऊ शकतो. मावशींकडे कुठलंच सर्टिफिकेट नव्हतं. आणि हेही बघा की त्या दिवशी त्यांनी बहिणीकडचं सव्वा महिन्याचं काम स्वतःहून थांबवलं होतं.

तर ज्याला हाताचं काम करायचंय त्याला निदान कधी हात लावायचा नाही हे पाठ पाहिजे. एका पायाची गरम सूज. ताप. पडल्यानंतरचं दुखणं, जोवर एक्स-रे होत नाही. कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला किंवा बैठकीच्या जागी बधिर वाटून राहिलं, तर ही इमर्जन्सी आहे, त्याच दिवशी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात किंवा जिथे न्यूरो किंवा स्पाइनचे सर्जन असतील तिथे, उद्यावर टाकायचं नाही. आणि सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान कटकन मोडून देतात ते, मजा येते मान्य, पण मानेतली रक्तवाहिनी फाटून लकव्याचा झटका आल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. दुर्मिळ असेल. १०० रुपयाच्या चंपीसोबत फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी एवढी रिस्क कशाला.

जाहिरातीत तर आपण सगळेच वाहवत जातो. 'लकवा १०० टक्के बरा', 'एका तेलाने वात गायब', 'मुलांची उंची वाढवा'. १९५४ चा एक जुना कायदा आहे, औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा, त्याच्या परिशिष्टात ५४ आजार-अवस्था आहेत ज्या बऱ्या करतो अशी औषधाची जाहिरात करता येत नाही, त्यात लकवा आहे, डायबेटीस आहे, ब्लड प्रेशर आहे, लठ्ठपणा आहे, माणसाची उंचीसुद्धा आहे. पहिल्याच गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे बाटलीत तेल भरून त्यावर 'लकव्यावर रामबाण' लिहिलं तर ते मार्केटिंग राहत नाही. आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे.

यापेक्षा बारीक गोष्ट म्हणजे व्हॉट्सॲप स्टेटस. पेशंट कुबड्या घेऊन आला आणि चालत गेला, व्हिडिओ काढला, म्युझिक लावलं, टाकला. विचारलं होतं का? "हो न, विचारलं, हो म्हणाला." तो टेबलवर पडलेला होता हो, तुमच्या हातात त्याची मान होती, तो नाही कसा म्हणेल. मी फोटोचं विचारायचंच झालं तर उपचार संपल्यावर, कपडे नीट घालून खुर्चीत बसल्यावर विचारते, आणि नाही म्हटलं तर पुन्हा विषय काढत नाही. नागपूर तसं गावच आहे, रील बघून कोणी ना कोणी ओळखतेच, आणि एखाद्या मुलीचं लग्न जमत असताना तिच्या पाठीच्या मणक्याचा व्हिडिओ फिरला तर काय होते ते वेगळं सांगायला नको. रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट हा पण असाच प्रकार, पाच स्टार द्या आणि पुढची सिटिंग अर्ध्या पैशात. मी एकदा केलं. सहा रिव्ह्यू आले, सहाही सारखेच, 'व्हेरी गुड सर्व्हिस', वाचून माझं मलाच कसंतरी झालं.

कटबद्दल, म्हणजे पेशंट पाठवण्याच्या कमिशनबद्दल, लिहावं की नाही असा विचार करत होते. लिहिते. नवीन क्लिनिक टाकलं की कोणीतरी येते, चहा पितो, गोड बोलतो आणि सांगतो की महिन्याला एवढे पेशंट पाठवू, टक्केवारी काय ते बघून घेऊ. एमबीबीएस डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत, नियम ६.४, पेशंट पाठवण्यासाठी कमिशन देणं-घेणं सरळ मना आहे. २०१७ मध्ये राज्याने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार करून घेतला होता, माजी पोलिस महासंचालक प्रवीण दीक्षित त्या समितीचे अध्यक्ष होते. कायदा-बियदा ठेवा बाजूला, साधा हिशोब सांगते. ५०० रुपयाच्या सिटिंगमधले १५० कोणाला द्यायचे असतील तर ते १५० येणार कुठून? दर वाढवा, नाहीतर सिटिंग वाढवा, नाहीतर वेळ कमी करा. तिन्हीचं बिल त्या पालथ्या माणसाच्याच नावावर फाटते आणि त्याला माहीतच नाही की असं काही चालते. मी नाही म्हटलं आणि पहिलं दीड वर्ष बेकार गेलं, हेही खरं आहे, नवऱ्याच्या पगारावर भाडं गेलं. ज्याच्या घरी दुसरा पगार नाही त्याला मी एथिक्स शिकवायला जाणार नाही, पण हिशोब तोच राहते.

तेल, बेल्ट, मानेची उशी विकण्यात गैर काही नाही, फक्त पेशंट टेबलवर असताना विकायचं नाही, आणि हीच वस्तू सीताबर्डीत मेडिकलच्या दुकानातही मिळते हे सांगायचं. बिलाचंही तसंच. उपचाराच्या सेवेला जीएसटी नाही पण निव्वळ आरामाच्या मसाजला आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ चा ५ टक्के झालाय, मग रिलॅक्सेशन मसाजच्या बिलावर 'थेरपी' लिहायची आता तर एवढी गरजही नाही.

आता स्पर्शाचं, ज्यावर बोलायला सगळे लाजतात. कॉलेजात आम्हाला सांधे, स्नायू, नसा सगळं शिकवलं, पण समोरच्याला "आता मी इथे हात लावणार आहे, चालेल का" हे कसं विचारायचं ते नाही. फॉर्मवर सही घेतली म्हणजे परमिशन झाली असं समजतात. सही एकदा होते, हात तासभर फिरतो. कंबरेचं दुखणं बऱ्याचदा कुल्ल्याच्या स्नायूतून येते, तिथे दाबावं लागते, आणि न सांगता दाबलं तर कोणतीही बाई दचकणार, पुरुषसुद्धा दचकतात. आधी सांगायचं कुठे, का, आणि नको असेल तर दुसरा काय मार्ग आहे. जेवढा भाग लागतो तेवढाच उघडा, बाकी चादर. कपडे काढायला-घालायला आपण बाहेर जायचं. आणि उत्तर पेशंटचं पाहिजे, बाजूला उभ्या सासूबाईंचं नाही. "हो हो करा न, तिले काय होते" असं त्या म्हणतात आणि पोरगी भिंतीकडे बघत असते. अशा वेळी मी सासूबाईंना पाणी आणायला पाठवते, एक मिनिट मिळतो, तेवढ्यात खरं काय ते कळते.

उलट बाजूही आहे. स्पात, घरी जाऊन मसाज करणाऱ्या मुलींना ग्राहकाकडून काय काय ऐकावं लागते, "अजून काही सर्व्हिस आहे का" पासून सुरू होते. मालक म्हणते सांभाळून घे, रेग्युलर कस्टमर आहे. मालकाची नीतिमत्ता बघायची असेल तर इथे बघा, थेरपिस्टने मध्येच काम थांबवून खोलीबाहेर यायचं ठरवलं तर त्या दिवसाचे पैसे तिला मिळतात का. कामाच्या जागी लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा तिलाही लागू आहे, १० पेक्षा कमी लोकांचं सेंटर असेल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, साधारण ३ महिन्यांच्या आत, आणि त्रास देणारा ग्राहक असला तरीही. हे दारामागे चिकटवून ठेवलेलं मी नागपुरात फार कमी ठिकाणी पाहिलंय.

नोंदी ठेवा. डॉक्टरांना ३ वर्षं रेकॉर्ड ठेवायचा आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचा नियम आहे, आपण तोच धरून चालावं. वही चालते. पण ती वही काउंटरवर उघडी नको, पुढच्या पेशंटला आधीच्याचं नाव आणि मूळव्याध दोन्ही वाचता येते.

एक शेवटचं, जे कुठल्याच नियमात नाही. माझे अंगठे. सकाळपासून सहा जणांवर नीट हाताने काम केलं की सातव्याला माझा हात तोच राहत नाही, दाब कमी पडतो, लक्ष उडते, मशीनकडे हात जातो. सातवा माणूस पैसे मात्र पहिल्याएवढेच देतो. म्हणून सहा झाले की मी थांबते. परवा रात्री आठला एक जण मनीष नगरवरून आला, म्हणाला मॅडम दुप्पट देतो, फक्त १५ मिनिटं. मी त्याला उद्या सकाळची ११ ची वेळ दिली, तोपर्यंत घरी कसं झोपायचं ते दाखवलं, त्याचे काही पैसे घेतले नाहीत. तो चिडून गेला. सकाळी आला नाही, दुसरीकडे गेला असेल.